सगळ्यात वरचं नाव

फोन आला तेव्हा मी बदलापूरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होतो. पलीकडचा माणूस पुण्याहून बोलत होता. त्याच्या कंपनीत एका बाईंची निवड जवळजवळ झाली होती, फक्त जुन्या नोकरीच्या ठिकाणी चौकशी करायची राहिली होती. तिथल्या मालकांनी त्याला माझा नंबर दिला होता.

"ते म्हणाले, बाईंनी मेमरीचा घोळ घातला होता आणि तो तुम्ही निस्तरलात. म्हणून तुम्हालाच विचारतो. केवढा घोळ होता?"

मी म्हणालो, "मुलगी चांगली आहे. कष्टाळू आहे."

"ते झालंच हो. पण कर्नलमध्ये हात घालू द्यावा का तिला?"

मी म्हणालो, जरा बाहेर आहे, मागाहून करतो. बाहेर वगैरे काही नव्हतो, हातात झारी होती. तो म्हणाला, संध्याकाळच्या आत कळवलंत तर बरं होईल, आम्हाला आजच ठरवायचं आहे. आणि फोन ठेवला.

घोळ माझा होता. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. उलट निरोपसमारंभात शाल खांद्यावर घेऊन, मालक त्या घोळाची गोष्ट सांगत असताना मी मान खाली घालून विनयाने हसलो होतो.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी होती. आम्ही कॉम्प्युटरवर चालणाऱ्या भरतकामाच्या मशीनचे पॅनल बनवायचो. पॅनलच्या पडद्यावर मोर, वेल, कोयरी दिसते, मशीन टाका घालत जाईल तसा तो टाका पडद्यावरही उमटतो. आत एक छोटा बोर्ड आणि त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. पडदा रंगवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर मी लिहिला होता. नक्षीची फाइल मेमरीत मांडून टाक्यांची यादी मोटारींच्या हवाली करणारा भाग त्या मुलीने लिहिला होता. दोन्ही कर्नलच्या आतले, एकाच मेमरीत राहणारे. मी तेव्हा निवृत्तीनंतर ठेवून घेतलेला म्हातारा होतो, ती तिशीची. डिप्लोमा करून मग डिग्री घेतलेली, अंबरनाथचीच.

ती आली तेव्हा पहिल्या आठवड्यात मी तिला एक गोष्ट शिकवली होती. मेमरीची पानं म्हणजे भाड्याच्या खोल्या. ग्राफिक्सची चिप म्हणजे रंगारी. तुम्ही तिला खोली दाखवता, ती आपली आपली रंगवत बसते, तुमच्याकडे बघतही नाही. रंगवून झालं की एक खूण करते. त्या खुणेची वाट पाहायची आणि मगच खोली परत करायची. नाहीतर तुम्ही रिकामी समजून दुसऱ्याला किल्ली देणार, त्याचं सामान आत येणार, आणि रंगारी त्या सामानावरून ब्रश फिरवणार. ती हसली होती. म्हणाली, "सर, आमच्या बिल्डिंगमध्ये खरंच झालंय असं."

नवा बोर्ड आला तेव्हा मालक प्रदर्शनाला गेले होते. परत आले ते तक्रार घेऊनच. "अंकल, समोरच्या स्टॉलवर बोट लावलं की डिझाइन हजर. आपलं आधी लपलप करतं, मग येतं." ती लपलप त्या वाट पाहण्याची होती. नवी चिप वेगवान आहे, एवढ्यात काय होतंय, असं म्हणून मी कोडमधली वाट पाहण्याची ओळ बंद करून टाकली. टेबलावर दिवसभर मशीन चालवलं, काही झालं नाही. मी लहान फुलं चालवत होतो. गिऱ्हाईक नवरीचा शालू चालवतं, मोरांचा, शेकडो रंगांच्या छटांचा, त्याला चिपला वेळ लागतो, हे मला सुचलं नाही. म्हणजे सुचायला हवं होतं.

पहिली तक्रार उल्हासनगर कॅम्प दोनमधून आली. आम्ही दोघं गेलो. कारखानदार सिंधी, साठीचे, बोलायला मोठे मिश्कील. त्यांनी एक दुपट्टा आमच्यासमोर पसरला. मोराचा पिसारा अगदी देखणा, आणि मानेपासून एक टाका सरळ कापडाच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला, तिथे सुई फ्रेमवर आदळून मोडलेली.

"देखो अंकल, मान इधर आहे और चोच गेली कल्याणला. तुमचं मशीन पिऊन येतंय काय?"

ती गुडघ्यावर बसून तो लांब टाका बोटाने मोजत होती. "काका, प्रत्येक वेळी मोरच का?"

"बेटा, फूल लावलं तर शाण्यासारखं चालतं. मोर बघून पागल होतं."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं तिला तिथेच काहीतरी जाणवलं होतं. मी म्हणालो, फाइल मोठी असते ना मोराची, तुझ्या भागात बघ.

तिच्या भागात बघायला आम्हाला आणखी एक कारण होतं. कर्नल कोसळतो तेव्हा पडताना फंक्शनांच्या, म्हणजे कोडच्या एकेका तुकड्याच्या, नावांची एक उतरंड छापतो. ज्या कामात असताना तो पडला त्याचं नाव सगळ्यात वर. आमच्या ऑफिसात रीतच पडली होती की ज्याचं नाव वर, बग, म्हणजे कोडमधली चूक, त्याचा. कुणी कागदावर लिहिलेली नव्हती, पण सोमवारच्या बैठकीत कामं तशीच वाटली जायची आणि एरवी ते बरोबरही ठरायचं. मेमरीच्या बाबतीत मात्र ते बऱ्याचदा चूक असतं. दुसऱ्याने तुमच्या पानावर लिहून ठेवलेलं असतं, ते वाचायला तुम्ही जाता आणि तुम्ही पडता. वर नाव येतं ते पडलेल्याचं. ढकलणारा केव्हाच पुढच्या कामाला लागलेला असतो. हे त्या ऑफिसात मला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

प्रत्येक वेळी वर तिचं फंक्शन यायचं.

ती मागे लागली. कुठे बिघडतंय ते कळावं म्हणून ती कोडमध्ये छापायच्या ओळी घालायची, आणि त्या घातल्या की बग दडी मारायचा. छापायला जो वेळ लागतो तेवढ्यात चिपचं काम आटपायचं, म्हणून. तेव्हा ते तिला माहीत नव्हतं. ओळी काढल्या की मशीन पुन्हा कोसळायचं. कुणीतरी म्हणायचं, "बाईंनी बघितलं की लाजतो तो." ती उठून खिडकीशी जायची, परत यायची, परत जायची. डबा उघडून तसाच बंद करायची. मीही जागेवर टिकत नव्हतो, पण माझ्याकडे कोण बघतंय.

एकदा चहाच्या वेळी आमच्यातला एक जण कप विसळत असलेल्या तिच्याकडे न बघता म्हणाला, "आपल्याकडे बगांनाही आरक्षण आहे. सगळे एकाच नावावर." तिच्या घरचे बौद्ध, हे सगळ्यांना माहीत होतं. दोघे-तिघे हसले. त्यांत मी होतो. मोठ्याने नाही, पण होतो. तिने कप उपडा घातला आणि जागेवर जाऊन बसली.

मग एका सोमवारी, बैठकीला अवकाश असताना, ती लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ आली. तिने परत आलेल्या रिकाम्या पानांवर आपली एक खूण भरून ठेवली होती आणि ती खूण कधी पुसली जाते यावर पाळत ठेवली होती. पुसली गेली होती. तिच्या जागी एकच संख्या, ओळीने, पानभर.

"सर, दर वेळी हीच येते. माझ्या कोडमध्ये ही संख्या कुठेही नाही. तुम्हाला ओळखीची वाटते?"

तो माझ्या मेनूच्या पट्टीचा फिका जांभळा रंग होता. मालकांनी दोन रंग नापसंत केल्यावर मी तो कितीतरी वेळ बसून जुळवला होता. घरच्या फोन नंबरासारखी ती संख्या मला पाठ होती. रंगारी दुसऱ्याच्या खोलीत शिरून जांभळा रंग मारत होता, आणि त्याला तिथे सोडून किल्ली मीच दिली होती. हे समजायला मला क्षणही लागला नाही.

मी म्हणालो, "नाही. कचरा असेल."

का म्हणालो याची फोड मी पुष्कळ वेळा केली आहे. नोकरी जाईल अशी भीती नव्हती, जायचंच वय होतं. जी गोष्ट मी तिला सगळ्यांत आधी शिकवली नेमकी तीच मी मोडली होती, आणि ते तिनेच पकडलं होतं. तिच्यासमोर ते कबूल करायला तोंड उघडेना. बैठकीत सांगू, असं मी स्वतःला म्हणालो.

बैठकीत ती म्हणाली, "माझ्या पानांवर बाहेरून कुणीतरी लिहितंय."

"बाहेरून कोण, भूत?" चहाच्या वेळी बोललेलाच तो. पुन्हा हशा. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. तिनेही. मी म्हणालो, "शक्यता तपासायला हरकत नाही," आणि पाण्याचा ग्लास उचलला. मालकांनी तिचा भाग दुसऱ्याला दिला आणि तिला सर्व्हिसला टाकलं, गिऱ्हाइकांकडे जाऊन पॅनल बदलण्याच्या कामावर. पुढे तिने नोकरी सोडली.

तिचं काम काढून घेतल्यावर लगेचच मी वाट पाहण्याची ओळ परत घातली, लपलप होणार नाही अशा बेताने. बदलाच्या नोंदीत लिहिलं, किरकोळ साफसफाई. मोर नीट चालू लागले. बाईचा कोड हातातून काढला आणि अंकलनी नजर टाकली म्हणून निस्तरलं, असं सगळ्यांनी धरून घेतलं. मी ते धरू दिलं.

तर त्या दिवशी पुण्याचा फोन आल्यावर मी झारी ठेवली, शर्ट बदलला आणि आधी मालकांकडे गेलो. आता लिहिताना दिसतं की तेही टाळणंच होतं. मला वाटत होतं, मालकांनी फोन करून दोन शब्द टाकले की माझं काम भागेल.

केबिनमध्ये बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, कोडसकट. मालकांनी ऐकून घेतलं आणि खुर्ची मागे ढकलली.

"अंकल, तब्येत ठीक आहे ना?"

"ठीक आहे. तुम्ही पुण्याला सांगा, चूक तिची नव्हती."

"मी कसा सांगू? मला तुमचा कोड कळतो काय? त्या मीटिंगमध्ये मी कोणाकडे बघितलं होतं?"

"माझ्याकडे."

"तुम्ही पाणी पीत बसलात. मी तुमचं तोंड बघून ठरवलं, अंकल. आता मला बोलता, तू फोन कर." ते रागावलेही नव्हते. टेबलावरचा पेन सरळ करत म्हणाले, "जाने दो ना आता. पुराना झालं. चांगली आहे बोला, बस. तिला पण नोकरी भेटेल, तुम्हाला पण शांती."

मी बाहेर पडलो. चांगली आहे एवढं मी बोलून चुकलो होतो, आणि तेवढ्याने तिला ते काम मिळणार नव्हतं. पुण्याच्या माणसाचा प्रश्न ती चांगली आहे का हा नव्हताच. तिच्या हातून मेमरी सुटते का, हा होता.

तिचं घर शिवमंदिराच्या अलीकडे, एका जुन्या बैठ्या वस्तीत होतं. मी एकदाच गेलो होतो, तिच्या भावाच्या लग्नात. रिक्षा सोडली आणि घराच्या गल्लीवरून पुढे निघून गेलो, देवळापर्यंत. बेलाची पानं विकणारी बाई म्हणाली, "घ्या बाबा, ताजी आहेत," मी घेतली आणि देवळात न जाताच परत फिरलो. गल्लीच्या तोंडाशी पुन्हा थांबलो. पानं खिशात कोंबली. एका दुकानात शिरून पाण्याची बाटली मागितली, ती घेतलीच नाही. संध्याकाळ व्हायला आली होती आणि पुण्याचा माणूस काही माझ्यासाठी थांबणार नव्हता.

दार तिच्या वडिलांनी उघडलं. कारखान्यातून निवृत्त झालेले, माझ्याच वयाचे.

"जयभीम साहेब. या की. एवढ्या दिवसांनी?" आणि आत वळून, "अगं, तुझे सर आलेत."

ती आतून आली. उल्हासनगरच्या एका कॉलेजात कंत्राटावर कॉम्प्युटरची प्रयोगशाळा सांभाळते, नुकतीच आली होती, ओढणी अजून खांद्यावर तशीच पिन केलेली. वडील चहाचं बघायला आत गेले.

मी म्हणालो, "पुण्याहून मला फोन आला होता."

ती खुर्चीत बसली. "मग संपलं असेल माझं," ती म्हणाली. "तसं मला वाटलंच होतं. सर, एक विचारू? मी तो कोड अजून डोक्यात वाचते. प्रयोगशाळेत मुलं प्रोग्रॅम करत असतात आणि मी आपली ओळीमागून ओळ आठवत असते. माझं कुठे चुकलं ते सापडत नाही. तुम्हाला सापडलं होतं ना? एकदा सांगा तरी. त्यानंतर मी कर्नलच्या कामाला हातच लावला नाही. हे पुण्याचं पहिलंच."

मी समजत होतो, तिला माहीत असेल. कुठेतरी मनात ती मला ओळखून आहे, माझा तिरस्कार करते आहे, असं धरून मी इतकी वर्षं चाललो होतो, आणि त्यात थोडी सोयही होती. तिने ते सगळं आपल्याच अंगावर घेतलं असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"सापडणार नाही," मी म्हणालो. "तिथे चूक नव्हतीच. ती संख्या माझ्या मेनूचा जांभळा होता. चिपची खूण यायची वाट न पाहता मी पान सोडत होतो."

ती खुर्चीत पुढे सरकली. मग प्रश्न विचारू लागली, अगदी कामाचे. कुठल्या फंक्शनमध्ये? जुन्या बोर्डावर ओळ होती का? नव्यावर कधी काढली? प्रदर्शनानंतर? मग फुलांना का होत नव्हतं? मी उत्तरं देत गेलो आणि तिच्या तोंडावर एकेक कोडं सुटताना दिसत गेलं. कामाच्या माणसाला होतो तसा आनंदही क्षणभर दिसला. तो गेला.

"मी दाखवली तेव्हा ओळखलीत?"

"हो."

"लगेच?"

"लगेच."

वडील कपबशा घेऊन आले आणि आमच्याकडे बघून तिथेच थांबले.

"फोन लावा," ती म्हणाली. "स्पीकरवर."

मी लावला. त्या माणसाने उचलला आणि मी सांगायला लागलो. ड्रायव्हर माझा, पान मी आधी सोडलं, हिचा कोड स्वच्छ होता, हिनेच ते शोधून काढलं. तो म्हणाला, "एक मिनिट. हिने शोधलं, तर मग चूक हिच्या नावावर कशी?"

"तेव्हा जरा घाई होती," मी म्हणालो. "बैठक तोंडावर आली होती, नीट बोलायला अवधी—"

"घाई नव्हती, सर," ती म्हणाली. हळूच, फोनला ऐकू जाईल न जाईल असं. "बैठकीला अवकाश होता. तुम्ही चहा घेतलात."

मी फोनकडे बघत म्हणालो, "घाई नव्हती. मला कळलं होतं आणि मी खोटं बोललो. तिने विचारलं, मी कचरा आहे म्हणालो."

मग त्याने विचारलं, रिकाम्या पानांवर खूण भरून पाळत ठेवायची कल्पना कुणाची? मी म्हणालो, तिची, मी तिला शिकवलेली नव्हती. बरं, तो म्हणाला, बघतो.

फोन बंद झाल्यावर वडिलांनी कपबशा ठेवल्या आणि मला म्हणाले, "घ्या साहेब." त्यांच्या आवाजात आता अगत्य नव्हतं, पण चहा त्यांनी पुढे केला. मला तो पिता आला नाही.

"त्याला एकट्याला सांगितलंत," ती म्हणाली. "त्या बैठकीत अख्खी टेबलभर माणसं होती. हसली होती ती. त्यांना कोण सांगणार?"

"मी एकेकाला फोन करतो."

"नको. फोनवर तुम्ही पुन्हा घाई होती म्हणाल. लिहा. छापून येईल असं लिहा, त्यांच्यातले चारजण तरी वाचतील. माझं नाव नको, कंपनीचं नको. ज्यांना कळायचं त्यांना मोरावरून कळेल."

"आणि आरक्षणाचं ते?"

"तेही. तुम्ही हसला होतात तेसुद्धा."

ती उठून आत गेली. वडील मला दारापर्यंत सोडायला आले.

पुण्याच्या कंपनीने तिला बोलावून घेतलं, एवढं तिच्या वडिलांनी मला नंतर फोनवर सांगितलं. तिने स्वतः फोन केला नाही. हे लिहून झाल्यावर मी आधी तिलाच पाठवलं. दोन ठिकाणी तिने खुणा करून परत धाडलं. एक तांत्रिक चूक होती, ती दुरुस्त केली आहे. दुसऱ्या ठिकाणी मी लिहिलं होतं की बैठकीत माझ्या तोंडून शब्द फुटेनात. तिने ते खोडून समोर लिहिलं होतं, फुटले होते, काय फुटले ते लिहा. म्हणून तिथे आता लिहिलं आहे की मी म्हणालो, शक्यता तपासायला हरकत नाही, आणि पाण्याचा ग्लास उचलला.